लोणारचं तळं खारंच राहू द्या



समुद्रपूर तालुक्यातलं गिरड आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेलं असेल. टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे आणि नवस बोलायला, फेडायला सगळ्या जातीधर्माच्या बाया तिथं जातात. त्या टेकडीवर गोलगोल गोटे सापडतात. त्यांची गोष्ट अशी सांगतात की नारळ घेऊन चाललेल्या दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा बाबांनी त्यांच्या सगळ्या मालाचा दगड केला. व्यापारी पाया पडले. मग बाबांनी वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला, आणि ते दोघं कायमचे बाबांच्या सेवेला राहिले. नारळाचे झालेले दगड मात्र तिथंच पडून राहिले.

या गोट्यांची दुसरीही एक गोष्ट आहे, ती भूगर्भशास्त्राची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा आला. एक थर पसरला, थंड झाला, त्यावर दुसरा पसरला. सह्याद्रीकडे या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. आपल्या विदर्भाकडे येता येता ते पातळ होत जातात आणि नागपूरच्या आसपास संपतात. विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तो हाच. तो झिजून, कुजून झालेली आपली काळी माती, जिच्यात आपण कापूस आणि तूर पेरतो. लाव्हा थंड होत असताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, ढोकळ्याला जाळी पडते ना, तसे. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपून त्या पोकळ्यांमध्ये निरनिराळी खनिजं साचली आणि घट्ट झाली. बाहेरचा दगड झिजला की आतले हे गोटे सुटे होतात. गिरडचे नारळ ते हेच.

म्हणजे आपण ज्वालामुखीच्याच जमिनीवर राहतो. पण ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचा डोंगर येतो, वर तोंड आणि त्यातून धूर. तसे डोंगर आपल्याकडे नाहीत. जगात जिथं आहेत, तिथं त्यातले काही पोटातला लाव्हा ओकून झाल्यावर आतून पोकळ होतात आणि वरची जमीन खाली बसते. मोठी परात उताणी ठेवावी तसा खड्डा होतो, पावसाचं पाणी भरतं आणि तळं तयार होतं. इटली देशात रोम शहराच्या उत्तरेला बोल्सेना नावाचं असं तळं आहे. पसारा एकशे चौदा चौरस किलोमीटरच्या आसपास. पाणी गोड आहे, मासे भरपूर आहेत, काठावर गावं वसलेली आहेत. तिथल्या लोकांची देवी म्हणा, संत म्हणा, तिचं नाव क्रिस्तीना. लहान वयाची पोर, पण आपला धर्म सोडीना म्हणून बापानंच तिला गळ्यात दगड बांधून तळ्यात टाकलं. दगड बुडाला नाही, तरंगला, आणि पोर काठाला लागली. पावलांच्या खुणा असलेला तो दगड तिथल्या चर्चमध्ये दाखवतात. दरवर्षी २३ आणि २४ जुलैला गावातली माणसं तिच्या छळाचे प्रसंग चौकाचौकात उभे करतात, आपल्याकडे देखावे करतात तसे. तळं तिथं असो की इथं, त्याच्या काठी देव असतो आणि बाईची एखादी गोष्ट असते.

आता आपल्या तळ्याकडे येऊ. बुलढाणा जिल्ह्यात लोणार. काठावर उभं राहिलं की कोणीही म्हणेल, हे ज्वालामुखीचं तोंड आहे. परकार फिरवून आखल्यासारखा गोल खड्डा, एका काठापासून समोरच्या काठापर्यंत सुमारे एक किलोमीटर आठशे मीटर. खोली जवळपास पाचशे फूट. आपल्या गावातली विहीर पन्नास फुटांची धरली, तर एकाखाली एक अशा दहा विहिरी. तळाशी पाणी आहे, तेही गोल, पण ते फार खोल नाही. काठाचा वरचा कडा आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच आहे, म्हणून गावातून जाताना तळं दिसतच नाही. चढण चढून कड्यावर आलं की एकदम पायाखाली सगळं उघडं होतं. उतारावर झाडी आहे, चिंचा आहेत, बाभळी आहेत, मोर ओरडतात, वानरं आहेत. पाण्याच्या अगदी जवळ मात्र झाडी संपते आणि पांढरट, चिकट, मोकळी जमीन लागते. उन्हाळ्यात एक उग्र वास येतो. काही जणी तिथं पोचल्याबरोबर नाकाला पदर लावतात.

हा खड्डा कसा झाला, यावर शंभर-दीडशे वर्षं वाद चालला. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली आणि त्यानंतर बरीच वर्षं बहुतेक अभ्यासक हे ज्वालामुखीचंच काम मानत होते. त्यांचं चूक तरी कसं म्हणावं? चारी बाजूंना लाव्ह्याचा दगड आणि मधे गोल खड्डा! पण काही गोष्टी जुळत नव्हत्या. लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, खड्डा मात्र फारच ताजा दिसतो, कडे अजून धारदार आहेत. दुसरं म्हणजे खड्ड्यातून नवा लाव्हा, नवी राख बाहेर आल्याची खूण नाही. आणि कड्यावरचे दगडाचे थर बाहेरच्या बाजूला उचलले गेलेत, काही ठिकाणी तर उलटे पडलेत, म्हणजे वरचा थर खाली आणि खालचा वर. १८९६ साली गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं लोणारचं साम्य त्यांच्या देशातल्या अॅरिझोनाच्या खड्ड्याशी आहे असं लिहिलं. तो खड्डा उल्का पडून झालेला आहे, हे पुढे सिद्ध झालं.

लोणारचा खरा निकाल लागला १९७३ साली. तळ्याच्या तळाला बोअर घेऊन खालचे दगड काढले. त्यात एक विशेष प्रकारची काच सापडली. आपल्या काळ्या दगडात फेल्डस्पार नावाचं एक खनिज असतं. ते न वितळता, जागच्या जागी, केवळ प्रचंड दाबानं एका क्षणात काच झालेलं होतं. असा दाब ज्वालामुखीत तयार होत नाही. तो तयार होतो फक्त आभाळातून आलेला दगड जमिनीवर आदळला तर. असे दगड सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगानं येतात. वर्ध्याहून नागपूरला चार-पाच सेकंदांत पोचण्यासारखं हे आहे. त्या वेगानं आदळल्यावर दगड स्वतः उरत नाही, त्याची वाफ आणि भुगा होतो, आणि जमिनीला त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा खड्डा पडतो. म्हणून लोणारला जाऊन "तो दगड कुठं आहे" असं विचारू नका. पुष्कळ जण विचारतात.

हे कधी घडलं? काचेच्या एका प्रकारच्या तपासणीतून बावन्न हजार वर्षं असा आकडा आला होता. नंतर दुसऱ्या पद्धतीनं मोजलं तर तो पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास निघाला. आपल्या दृष्टीनं दोन्ही आकडे सारखेच, आपली कोणाचीच आजी तेव्हा नव्हती. पण साडेसहा कोटींच्या मानानं खड्डा कालचाच, हे दोन्ही आकडे सांगतात. काळ्या लाव्ह्याच्या दगडात पडलेले असे खड्डे पृथ्वीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि त्यांत इतका शाबूत लोणारच. चंद्रावर काळे डाग दिसतात ना, ज्याला आपण ससा म्हणतो, तोही लाव्ह्याचाच दगड आहे आणि त्यावरही असेच खड्डे आहेत. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात.

गावच्या लोकांनी मात्र या खड्ड्याचा विचार फार पूर्वीच केला होता. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली घर करून राहत होता. लोकांना त्राही करून सोडलं होतं. देवांनी विष्णूला साकडं घातलं. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं त्याच्या घराचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. झाकण उडून लांब धातेफळजवळ पडलं, तिथली टेकडी म्हणजे ते झाकण. खड्डा म्हणजे दैत्याचं घर, पाणी म्हणजे त्याचं रक्त आणि क्षार म्हणजे त्याचं मांस. या गोष्टीत आभाळातून दगड आलेला नाही, पण एका फटक्यात जमीन फाटली आणि तिचा तुकडा उडून लांब पडला हे आलेलं आहे. पूर्वीच्या लोकांनी ते कशावरून ताडलं असेल, याचं मला नेहमी नवल वाटतं.

लोणार गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे. दैत्यसूदन म्हणजे दैत्याला मारणारा विष्णू. काळ्या दगडाचं, चुना न लावता दगडावर दगड बसवलेलं, आपण ज्याला हेमाडपंती म्हणतो तसं. पायाचा आकार चांदणीसारखा आहे आणि बाहेरच्या भिंती नक्षीनं भरलेल्या आहेत. मे महिन्यात काही दिवस सूर्याची किरणं आत मूर्तीवर पडतात, ते पाहायला लोक येतात. चक्रधरस्वामी लोणारला येऊन राहिले होते, हे महानुभावांचं लीळाचरित्र सांगतं, आणि लीळाचरित्र म्हणजे मराठीतला सगळ्यात जुना मोठा गद्य ग्रंथ. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही हे नावाजलेलं ठिकाण होतं.

खाली, पाण्याच्या काठाला, कमळजा देवीचं देऊळ आहे. नवरात्रात तिथं यात्रा भरते, बाया ओट्या भरायला उतरतात. देवळासमोर सासू-सुनेची विहीर आहे. विहीर एकच, पण एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं, असं सांगतात. कोणती बाजू सासूची आणि कोणती सुनेची, यावर तिथं आलेल्या बायांचं कधी एकमत होत नाही. पण विहिरीत गोडं-खारं दोन्ही येण्याचं कारण साधं आहे. कड्याच्या दगडातल्या भेगांमधून गोडं पाणी झिरपत खाली येतं आणि तळ्याचं खारं पाणी खालून मुरत येतं. दोघांची गाठ तिथं पडते. वर कड्याजवळ धार आहे, गोमुखातून बारमाही पडणारी. तिचंही पाणी याच भेगांतून येतं आणि तेही गोडच आहे. तळ्यात जाणारं पाणी गोड आणि तळं खारं, हे कसं काय?

आपण रोज घरात याचं उत्तर पाहतो. माठाच्या बाहेरून पांढरा थर चढतो. हापशीचं पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला खडे धरतात. पाणी उडून जातं, पण त्यातला क्षार जात नाही. लोणारच्या तळ्याला बाहेर जायला वाट नाही, ना नदी ना नाला. पाणी येतं ते धारेचं, झऱ्यांचं, पावसाचं, आणि जातं ते फक्त उन्हानं, वर. हजारो वर्षं हे चाललं आहे. काळा दगड कुजताना त्यातून सोडा सुटतो आणि तो पाण्यात साठत जातो. म्हणून हे पाणी समुद्रासारखं नुसतं मिठाचं नाही, ते सोड्याचं आहे. हाताला बुळबुळीत लागतं, साबण लावल्यासारखं. शाळेत पीएच नावाचं माप शिकवतात, साध्या पाण्याचा सात. लोणारचा साडेनऊ ते साडेदहाच्या आसपास असतो.

लोणार हे नावच लवणावरून आलं आहे. लवण म्हणजे मीठ. आपलं लोणचंही त्यातूनच आलं. लोण्याशी मात्र याचं काही नातं नाही, ते वेगळं.

या खाराचा धंदा शेकडो वर्षं चालत होता. अकबराच्या काळच्या ऐन-ए-अकबरीत या जागेची नोंद आहे ती काच आणि साबण करायचं सामान इथं मिळतं म्हणून. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की काठाला खार धरायचा आणि तो गोळा करायचे. त्याच्या प्रतीसुद्धा ठरलेल्या होत्या: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. आपण गव्हाची, कापसाची प्रत लावतो तशी. बांगड्यांची काच करायला हा खार लागायचा, साबणाला लागायचा, कपड्याचा रंग पक्का करायला लागायचा. म्हणजे एके काळी कितीतरी बायांच्या हातातल्या बांगडीत लोणारच्या तळ्याचा अंश होता. आपण उन्हाळ्यात गटात पापड करतो आणि उडदाच्या पिठात पापडखार घालतो, तो याच जातीचा खार. धुण्याचा सोडा त्याचाच भाऊ. आता लोणारला खार काढणं बंद आहे, कारण ते अभयारण्य आहे. पापडखार दुकानातूनच आणावा.

एवढ्या खारात काही जगत असेल का? पाण्यात मासा टिकत नाही, हे खरं. पण तळं मेलेलं नाही, उलट फार जिवंत आहे. पाण्याला जो हिरवा रंग दिसतो तो शेवाळाचा. त्यात स्पिरुलिना आहे, ज्याच्या गोळ्या पोषणासाठी विकतात, कुपोषणाच्या बैठकीत तुम्ही नाव ऐकलं असेल. त्याशिवाय डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव, जे गोड्या पाण्यात ठेवले तर मरतील. त्यांना हाच खार लागतो. शेवाळावर किडे जगतात आणि किड्यांवर पक्षी. इथं १६० जातींचे पक्षी नोंदलेले आहेत. त्यात कांडेसर आहे, ज्याची संख्या जगात कमी होत चालली आहे. आजूबाजूच्या रानात लांडगाही आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रामसर म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी. महाराष्ट्रात त्याआधी तो मान फक्त नाशिकच्या नांदूर मधमेश्वरला मिळाला होता.

त्याच वर्षी जूनमध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, लोणारचं पाणी गुलाबी झालं. फोटो मोबाईलवर फिरले तेव्हा माझ्याही फोनवर धडाधड आले. कोणी लिहिलं देवीचा कोप, कोणी लिहिलं करोनाचं विष, कोणी म्हटलं कारखान्याचा रंग सोडला. वनखात्यानं पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. आघारकरच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की खारात वाढणारे अतिसूक्ष्म जीव वाढले होते आणि त्यांच्या अंगात गुलाबी रंग असतो. पाऊस कमी, ऊन जास्त, पाणी आटलेलं, म्हणून खार दाट झाला आणि त्या जीवांचं फावलं. प्रयोगशाळेत पाणी स्थिर ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वर पाणी स्वच्छ दिसलं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच. पाऊस आल्यावर तळंही पूर्वीसारखं झालं. त्या दिवसांत काही गटांमध्ये "देवी कोपली" म्हणून नवसाला पैसे गोळा करायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या, म्हणून हे जरा सविस्तर सांगितलं.

आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला, ते सांगते. मागे एका गटाच्या बैठकीत लोणारची गोष्ट सांगत होते, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "ताई, गोडं पाणी तळ्यात आलं त चांगलंच आहे न. खारं पाणी कोणाच्या कामाचं?" मला हा प्रश्न फार बरोबर वाटला. आपलं सगळं आयुष्य गोड्या पाण्याच्या मागे गेलं. हंडे वाहिले, टँकरच्या रांगेत उभ्या राहिलो, विहिरी खोल करण्यासाठी श्रमदान केलं. आपल्या डोक्यात पाणी म्हणजे गोडं, आणि खारं म्हणजे वाया गेलेलं. पण लोणारच्या बाबतीत हे उलटं आहे. तिथं जास्तीचं गोडं पाणी शिरलं की खार पातळ होतो. खार पातळ झाला की त्यावर जगणारे जीव कमी होतात आणि जे एरवी तिथं टिकणार नाही ते वाढायला लागतं. गावचं सांडपाणी आलं तर गोड्या पाण्याबरोबर घाणही येते. धारेवर साबण लावून आंघोळ, कपडे धुणं, हे सगळं पाणी उतारानं शेवटी तळ्यातच जातं. आजूबाजूच्या शेतातलं खतही पावसाबरोबर जातं. आणि तळ्याला बाहेर वाट नाही हे आपण मघाशीच पाहिलं. नदीत टाकलेली घाण निदान पुढच्या गावाला वाहून जाते (तेही वाईटच), इथं आत गेलेलं बाहेर येतच नाही.

पाण्याची पातळीही सारखी बदलते. कधी ते इतकं आटतं की काठाला रुंद पांढरा पट्टा उघडा पडतो, तर कधी इतकं वाढतं की काठावरची देवळं पाण्यात उभी राहतात. थोडंफार कमीजास्त होणं निसर्गाचंच आहे. पण भोवताली बोअर किती घेतले, सांडपाणी किती सोडलं, याचाही त्यात हात असतो. उतारावर वेडी बाभूळ माजली, ती काढायचं काम वनखात्यानं हाती घेतलं. तळं वाचवण्यासाठी लोकांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागितली आणि तिथून सरकारी खात्यांना वेळोवेळी आदेश मिळाले. ही कामं चालू राहतील, न राहतील. यात्रेकरू बायांच्या हातात काय आहे, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडून १२ जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीला सिंदखेडराजाला गाड्या भरून बाया जातात. सिंदखेडराजाहून लोणार फार लांब नाही, त्याच जिल्ह्यात आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून वर्ध्याहून मेहकरपर्यंतचा प्रवासही सोपा झाला, आणि मेहकरहून लोणार जवळ. तेव्हा सिंदखेडराजाला जाणाऱ्या गटांनी एक दिवस वाढवून लोणार जरूर करावं. पण ओटी भरायला जाताना खण-नारळ कापडी पिशवीत न्यावा. ओटीच्या तांदळाची, हळदीकुंकवाची प्लास्टिकची पुडी खाली टाकू नये, परत आणावी. मी एका सहलीला गेले होते, तेव्हा कमळजेच्या वाटेवर सगळ्यात जास्त काय पडलेलं दिसलं असेल, तर कुंकवाच्या रिकाम्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या. त्या टाकणाऱ्या आपणच, दुसरं कोण?

धारेवर आंघोळ करायचीच असेल तर नुसत्या पाण्यानं करावी. तीर्थाला साबण कशाला लागतो? तिथं नातेवाईक असतील त्यांनाही हे बोलावं. बोलताना "तुम्ही घाण करता" असं न म्हणता, तळं खारं का राहायला हवं ते सांगावं. कारण कळलं की माणूस ऐकतो, असा माझा गटातला अनुभव आहे. शेवाळ बाटलीत भरून आणणं, काचेचे खडे किंवा दगड उचलून आणणं, हेही करू नये. ती जागा अभयारण्याची आहे, तो गुन्हा होतो, आणि तिथला दगड अभ्यासाचा पुरावा आहे.

जायचं तर हिवाळ्यात जावं. उन्हाळ्यात वास जास्त आणि खाली वारा लागत नाही. सकाळी लवकर पोचून आधी दैत्यसूदनाचं देऊळ, मग धार, मग कड्यावरून तळं पाहावं. खाली उतरायचं असेल तर वाट उघडी आहे का, हे वनखात्याच्या माणसाला विचारून घ्यावं, पाणी वाढलं असेल तर काठापर्यंत जाता येत नाही. उतरताना पायाखाली खडी सरकते, चपलेपेक्षा बूट बरे. सोबत प्यायचं पाणी भरपूर ठेवावं, खालचं पाणी प्यायचं नाही. चढताना दम लागतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वर कड्यावरच बसावं. तळं तिथूनच सगळ्यात चांगलं दिसतं, पूर्ण गोल.